खापरावरची कॉफी

सहलीच्या पत्रकावर आधी देखावा छापतात, मग जेवण, आणि संडासाचा उल्लेख कुठेच नसतो. सहल नेणाऱ्याला मात्र ही यादी उलट्या क्रमानं पाठ असावी लागते. देवपुरातल्या माझ्या घरातून मी एकोणीस वर्षं एका दिवसाच्या सहली काढल्या. त्यात संडासाबद्दलच्या तक्रारी सगळ्यात जास्त, जेवणाबद्दलच्या त्याहून कमी, आणि निसर्गाबद्दल एकही नाही. निसर्ग कसाही निघाला तरी लोक त्याला नावं ठेवत नाहीत. नावं ठेवायला अक्का असतेच.

अक्का म्हणजे मी. गेल्या वर्षी माझ्या गुडघ्यांनी राजीनामा दिला, म्हणून आता घरी बसून हे लिहिते आहे. धंदा काय होता ते आधी सांगते. सतरा सीटची गाडी, तिचे चालक रफिकभाई, पहाटे निघायचं, दिवसभरात तीन गोष्टी दाखवायच्या आणि सगळ्यांना मोजून परत आणायचं. मुक्काम नाही, त्यामुळे खोल्या, चादरी, डास ही भांडणं नाहीत. पण एका दिवसात तीन गोष्टी बसवायच्या म्हणजे घड्याळाशी झटापट, आणि ती थोडं खोटं बोलल्याशिवाय जिंकता येत नाही.

खोटं दोन प्रकारचं. एक पायवाटेवरचं. चढावर कोणी धापा टाकत विचारलं, "अक्का, अजून किती?" की माझं उत्तर ठरलेलं, "दहा मिनिटं." मग पाव तास राहिलेला असो की दीड तास. खरं सांगितलं की माणूस तिथंच दगडावर बसतो आणि बाकीच्यांनाही बसवतो. दहा मिनिटं म्हटलं की चालतो. आमच्या देवपुरात अजूनही लग्नाला कोणी उशिरा पोचलं की म्हणतात, अक्काच्या दहा मिनिटांनी आला.

दुसरं खोटं पत्रकातलं. त्याचीच ही हकीकत आहे.

माझी सगळ्यात जास्त चाललेली सहल म्हणजे 'गाव, कॉफी आणि धबधबा'. चोपड्याच्या पुढे सातपुडा चढून गेलं की वर एक लहान गाव आहे. तिथं बैलगाडीतून फेरी, खापरावरची पुरणपोळी, कॉफीची शेती, आणि मग जंगलातून चालत धबधबा. बैलगाडीनं मला भरपूर त्रास दिला. पारोळ्याचे एक निवृत्त हेडमास्तर गाडीत बसले आणि शंभर पावलांत गाडीवानाला म्हणाले, "तुला कासरा धरता येत नाही." मग त्यांनी स्वतः कासरा हातात घेतला. बैलांनाही ते पटलं असावं, कारण गाडी माझ्या सहलीतल्या चौदा माणसांसह दोन शेतं ओलांडून गेली आणि सापडायला दुपार झाली. हेडमास्तर परत आले ते असे खुशीत की मला रागावताही येईना.

कॉफीबद्दल पत्रकात मी 'कॉफीचे हिरवेगार मळे' असं छापलं होतं. झाडं होती साठ.

ती झाडं नानांची. नाना म्हणजे त्या गावातले साठी ओलांडलेले शेतकरी. थोडा कापूस, थोडी केळी, दोन म्हशी. एकदा ते भाचीच्या लग्नाला चिखलदऱ्याकडे गेले आणि येताना कॉफीची रोपं एसटीत मांडीवर धरून घेऊन आले. नाल्याकाठच्या आंब्यांच्या सावलीत लावली. गाव हसलं. खानदेशात माणसानं कापूस लावावा, केळी लावावी, फार तर मिरची. कॉफी? पण झाडं जगली, आणि चौथ्या वर्षी त्यांना लालबुंद फळं लागली. गंमत म्हणजे नाना स्वतः कॉफी पीत नाहीत. दिवसाला सहा चहा पितात आणि कॉफीला 'ते औषध' म्हणतात.

पहिल्या गटासाठी नानांच्या घरच्यांनी, म्हणजे कमलबाईंनी, मोठ्या उत्साहानं त्या बिया तव्यावर भाजल्या. कमलबाईंच्या हाताला भाजायचं माहीत ते काळ्या मसाल्याचं. खोबरं, धने, तीळ कसे काळे होईपर्यंत परतायचे, तशाच त्यांनी कॉफीच्या बियाही काळ्या ठिक्कर केल्या. कप फिरले. एका आजोबांनी घोट घेतला, जीभ दातांवरून फिरवली आणि अगदी प्रामाणिकपणे विचारलं, "ही राखुंडी आहे का?"

नाना सुदैवाने तेव्हा म्हशींना पाणी पाजायला गेले होते. कमलबाईंचा चेहरा मात्र पाहवेना. पाहुण्याच्या तोंडाला आपल्या घरचं काही लागू नये, ही त्या बाईला मेल्याहून मेल्यासारखी गोष्ट. तेव्हा अक्कल मी लढवली. पुढच्या खेपेला किराणा दुकानातून तयार कॉफीची पाकिटं घेऊन गेले. कमलबाईंनी ती तुरीच्या डाळीच्या डब्यात लपवली. गरम दुधात पाकीट, वर साखर, झालं. पाहुणे कप हातात धरून, मागे नानांची झाडं येतील असे व्हिडिओ काढू लागले. "याला मातीचा वास आहे हो!" असं एक बाई डोळे मिटून म्हणाल्या. नाना दाराच्या चौकटीला टेकून मिशीतल्या मिशीत हसत उभे. दोन हंगाम असे गेले. मला मजा वाटत होती, खोटं कशाला बोलू.

मग जळगावचं ते कुटुंब आलं.

दाणाबाजारात दुकान असलेलं, मूळ राजस्थानचं जैन घराणं. अकरा जण. कर्त्या होत्या मांसा, म्हणजे घरातल्या थोरल्या बाई, सत्तरी पार केलेल्या. बोलणी केली त्यांच्या धाकट्या सुनेनं, खुशबूनं. फोनवर तिनं सांगितलं, कांदा नाही, लसूण नाही, बटाटा नाही, वांगंही नको. आणि मांसा सूर्य मावळल्यावर काही घेत नाहीत, पाणीसुद्धा नाही. मी कमलबाईंना फोनवर निरोप दिला. खानदेशी स्वयंपाकातून कांदा-लसूण-वांगं काढलं की निम्मं घर सुट्टीवर जातं.

"मंग त्या खातस तरी काय वं अक्का?"

"पुरणपोळी खातात. तूप खातात."

"मंग चालनं," त्या म्हणाल्या. "तूप पाहिजे तितलं शे."

दसरा नुकताच झाला होता. आम्ही सकाळी गावात पोचलो. पाहुणे बैलगाडीत बसले (कासऱ्याकडे कोणाला फिरकू दिलं नाही) आणि मी पाकिटं घेऊन स्वयंपाकघरात गेले. कमलबाई पुरण वाटत होत्या. हात न थांबवता म्हणाल्या, "अक्का, हाई शेवटलं."

"म्हणजे?"

"दिवाळी झाई की ती झाडं उपटानी. तठे केळी लावसूत. मी ह्यास्ले सांगी दिन्हं शे."

"नाना काय म्हणाले?"

"काहीच नही. चहा पिधा नि मळामा निंघी गयात." मग त्यांनी हात धुतले आणि माझ्याकडे तोंड केलं. "ताटमा मी आजलगून कोनाले खोटं वाढं नही, अक्का. नि दोन वरीस व्हयनात, कपमा वाढी राह्यनी. त्यास्ले सांगू तं त्यास्नं मन मोडस. झाडं नही ऱ्हायनीत तं खोटं बी सरनं."

खोट्याची सोय मी केली होती आणि त्याची किंमत नानांची झाडं देणार होती. साठ झाडं म्हणजे फार काही नाही, पण त्या माणसानं आयुष्यात स्वतःच्या हौसेनं लावलेलं तेवढंच होतं. बाकी सगळं बाप लावायचा तेच लावलं. मी पाकीट फोडलं.

कप बाहेर गेले. खुशबूनं घोट घेतला. मी अशा हजार माणसांना पहिला घोट घेताना पाहिलंय. तिचा घोट घशातून खाली गेलाच नाही, तोंडातच थांबला. तिनं आधी कपाकडे पाहिलं, मग आंब्याखालच्या झाडांकडे, मग सरळ माझ्याकडे. चौकटीतून नानांनी विचारलं, "कशी शे, ताई?"

"छान आहे," ती म्हणाली. नजर माझ्यावरून काढली नाही.

धबधब्याच्या वाटेला लागलो तेव्हा मी मुद्दाम सगळ्यांच्या पुढे राहिले, म्हणजे खुशबूला माझ्याजवळ येता येऊ नये. पण माझ्या पुढे मांसा होत्या. पांढरे कॅनव्हासचे बूट, साडीचा पदर खोचलेला, हातात काठी, आणि धाप नाही. अर्ध्या वाटेत त्यांनी विचारलं, "अक्का, कितीक राहिलं?"

"दहा मिनिटं."

धबधब्याचा आवाज कानावर आला तेव्हा मांसा काठी टेकून थांबल्या. त्यांच्यात सामायिक म्हणून एक व्रत असतं, एका जागी अठ्ठेचाळीस मिनिटं शांत बसायचं. ते त्या पन्नास वर्षं रोज करत आलेल्या, त्यामुळे वेळ त्यांना घड्याळाशिवाय कळते. "अक्का," त्या हसून म्हणाल्या, "तुमच्या दहा मिनिटांत माझी एक सामायिक झाली असती."

एकोणीस वर्षांत मला इतक्या नेमकेपणानं कोणी पकडलं नव्हतं. आणि दिवस अजून संपला नव्हता.

धबधब्यात पाणी चांगलं होतं. पाहुणे भिजायला गेले, पुरुषमंडळींनी बनियनवर आरडाओरडा सुरू केला, आणि खुशबू माझ्या शेजारच्या दगडावर येऊन बसली.

"अक्का, माझं माहेर चिकमंगळूरचं. वडिलांचा कॉफीचाच व्यापार. मी लहानपणी बियांच्या पोत्यांवर झोपलेय." मग म्हणाली, "ती कॉफी पाकिटातली होती."

मी सगळं सांगून टाकलं. राखुंडीपासून केळीपर्यंत. पाण्याच्या आवाजात मोठ्यानं सांगावं लागलं, त्यामुळे ते आणखीच लाजिरवाणं वाटलं. वाटलं, ही आता पैसे परत मागेल किंवा नानांना सांगेल. तिनं विचारलं ते वेगळंच.

"झाडं तर खरी आहेत. मग कॉफी खोटी कशाला?"

"भाजता येत नाही कोणाला."

"मला येते," ती म्हणाली आणि उठली. "बिया आहेत ना घरात? पण मांसांना पाजायची तर सूर्य मावळायच्या आत व्हायला हवी. आणि त्यांना आवडली तरच त्या आवडली म्हणतात, उगाच नाही."

परत येताना मी अकरा माणसांना असं पळवलं की शेवटी एक जावई म्हणाले, अक्का, आमच्या मागे वाघ लागलाय का? घरी पोचलो, सगळे जेवले. पुरणपोळी आणि तूप यांवर कोणाचा काही आक्षेप असण्याचा प्रश्नच नव्हता. जेवणं उरकेपर्यंत ऊन आंब्याच्या अर्ध्यावर आलं. खुशबूनं नानांना इतकंच सांगितलं, "नाना, मला तुमच्या बिया माझ्या माहेरच्या पद्धतीनं भाजून बघायच्या आहेत. चालेल?"

नाना आत गेले आणि मडकंच उचलून घेऊन आले. गेल्या हिवाळ्यात वाळवलेली सगळी फळं त्यात होती. त्यांनी ती उखळात घालून हलक्या हातानं कुटली, कमलबाईंनी सुपात पाखडली, टरफलं उडाली आणि खाली हिरवट बिया राहिल्या. इथपर्यंत उत्तम. मग कमलबाईंनी चुलीवर तेच पुरणपोळीचं खापर ठेवलं, सवयीप्रमाणे पालथं. आमच्याकडे खापर पालथंच असतं, त्याच्या गोल पाठीवर पोळी टाकायची. त्यांनी बियांची मूठ त्या पाठीवर टाकली. बिया टणाटण उड्या मारत चारही दिशांना पळाल्या. काही चुलीत गेल्या, काही कोंबड्यांनी उचलल्या, एक मांसांच्या मांडीत पडली. कोंबड्यांनी त्या लगेच टाकून दिल्या, ते मात्र नानांच्या मनाला लागलं.

"खापर उलटं करा," खुशबू म्हणाली.

"उलटंच तं शे," कमलबाई म्हणाल्या.

"म्हणजे सुलटं करा."

ते करता येईना, कारण त्या खापराची आतली बाजू वर्षभराच्या जाळानं काजळलेली. मग कमलबाई माळ्यावर चढल्या आणि एक कोरं खापर घेऊन उतरल्या. दिवाळीच्या पुरणपोळ्यांसाठी आणून ठेवलेलं. ते त्यांनी पुसलं आणि चुलीवर सुलटं ठेवलं. गावातल्या दोन म्हाताऱ्या ओसरीवरून बघत होत्या, त्यातली एक म्हणाली, "माय वं, खापर सुलटं!" जसं काही कोणी डोक्यावर चालत होतं.

खुशबू उचटण्यानं बिया हलवत राहिली. रंग हिरव्याचा पिवळा, पिवळ्याचा तांबूस झाला. मग तडतड सुरू झाली आणि असा वास सुटला की म्हशींनीही माना वळवल्या. कमलबाई म्हणत होत्या, "अजून काळं व्हऊ द्या," आणि खुशबू म्हणत होती, "नको, बास." तिनं खापर उतरवलंच. कुटायला खल पुढे आला तेव्हा तिनं मांसांकडे पाहून विचारलं, "यात कांदा-लसूण?"

"नही ताई," कमलबाई म्हणाल्या. "हाऊ पुरणना खल शे. जायफळ नि येलदोडा, दुसरं काहीच लागेल नही."

आता ऊन आंब्याच्या शेंड्याला चिकटलं होतं. मांसा बाजेवर बसून तिकडेच बघत होत्या. पाणी उकळत होतं. पूड पडली, वर ताटली झाकली. "थोडं मुरू द्या," खुशबू म्हणाली. मांसांनी मला विचारलं, "अक्का, कितीक वेळ आहे सूर्याला?"

मी मनगटावरचं घड्याळ पाहिलं, पंचांगातली वेळ आठवली. "दहा मिनिटं."

"तुमची की घड्याळाची?"

"घड्याळाची, मांसा. शप्पथ."

फडक्यातून गाळलेली कॉफी, म्हशीचं दूध, बेताची साखर. मांसांनी कप दोन्ही हातांत धरला. नाना चौकटीला टेकले नव्हते, पायरीवर बसले होते, दोन्ही हात गुडघ्यांत धरून. मी त्यांच्याकडे पाहायचं टाळत होते. मला खरंच भीती वाटत होती.

मांसांनी एक घोट घेतला. दुसरा घेतला. कप शांतपणे संपवला. मग म्हणाल्या, "जायफळ कोणी घातलं?"

"कोनीच नही," कमलबाई घाबरून म्हणाल्या. "खललेच व्हतं."

"असू द्या. खल धुवू नका." त्यांनी रिकामा कप पुढे केला. खुशबूनं भांडं उचललं, पण तेवढ्यात मांसांनी आंब्याकडे पाहिलं. शेंड्यावरचं ऊन गेलं होतं. त्यांनी कपावर तळहात ठेवला. "राहू दे. पहाटे इथं असते तर अजून घेतली असती."

भांड्यात मांसांच्या वाट्याची ती कॉफी उरली. कमलबाईंनी ती वाटीत ओतली आणि सगळ्यांकडे पाठ करून प्यायल्या. सहा वर्षं दारात झाडं आणि घरातलं कोणी पहिल्यांदाच ती पीत होतं. वळल्या तेव्हा वाटी नानांसमोर आपटून म्हणाल्या, "केळी नालापल्याड लावा. तठे काय कमी जागा शे?"

नानांनी मान हलवली. मिशी थरथरत होती. हसू होतं की दुसरं काही, मला अंधुक उजेडात दिसलं नाही.

निघताना पाहुणे गाडीत बसले, रफिकभाईंनी गाडी सुरू केली, आणि नाना माझ्या खिडकीशी आले. हातात जुन्या धोतराच्या कापडाची छोटी पिशवी होती. तोंड सुतळीनं बांधलेलं. "अक्का, हाई तुमनं शे," म्हणाले. "तुमनाकडेच ऱ्हावू द्या."

मला वाटलं, कॉफीच्या बिया. पण हातात घेतली तर फारच हलकी. गाव संपून वळणावरचा वड आला तसं माझ्याच्यानं राहवेना, मी गाठ सोडली.

आत पाकिटं होती. मी आणलेली, कॉफीची, चकचकीत चंदेरी. प्रत्येक पाकीट धुतलेलं, वाळवलेलं, हातानं सपाट केलेलं. एकावर एक नीट रचून ठेवलेली. आणि तळाशी हिरव्या बियांची एक मूठ.

तेव्हा उलगडलं. कमलबाई रिकामी पाकिटं उकिरड्यात टाकत. उकिरड्याचं खत नाना स्वतःच्या हातानं कॉफीच्या आळ्यांत घालत. दोन वर्षं तो माणूस आपल्या झाडांच्या बुडाशी वाकून माझी पाकिटं वेचत होता, आणि चौकटीला टेकून पाहुण्यांना विचारत होता, कशी शे? बायकोनं झाडं उपटायची म्हटलं तेव्हाही त्यानं तिला खोटं पाडलं नाही, मलाही नाही. चहा प्यायला आणि मळ्यात गेला. मी इतकी वर्षं स्वतःला मोठी चलाख समजत होते. मला मनापासून लाज वाटली, आणि हसूही आवरेना, दोन्ही एकदमच.

"रफिकभाई, गाडी थांबवा."

मी खाली उतरले आणि नानांशी एकदा खरं बोलायला उलट गावाकडे निघाले. मागून मांसांचा आवाज आला, "अक्का, कितीक वेळ?"

"दहा मिनिटं!"

"खुशबू," मांसा म्हणाल्या, "माझं आसन काढ, वडाखाली अंथर. एक सामायिक होते."